अठरा: आपले की त्यांचे?

कॅनडातल्या आमच्या सेंट स्टीफनमध्ये कुणी आकडा सांगितला की समोरचा आधी विचारतो, "आपले की त्यांचे?" सकाळी आठला ये म्हटलं, तर आपले आठ की त्यांचे, कारण पूल ओलांडून अमेरिकेतल्या कॅलसला गेलं की घड्याळ तासभर मागे पडतं. बाहेर वीस आहे म्हटलं, तर आपले वीस म्हणजे बिनबाह्यांचा शर्ट आणि त्यांचे वीस म्हणजे नाकातले केस गोठतात. वेगाची पाटी, दुधाचा डबा, ओव्हनचं बटण, सगळ्याचं हेच. मधली नदी एवढीशी. या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावरचा रुमाल शोधतो. पण ती ओलांडताना प्रत्येक आकडा कपडे बदलतो, आणि हा प्रश्न आमच्या तोंडात इतका बसलाय की आपण तो विचारतोय हेही कुणाला कळत नाही.

या प्रश्नाचं शेवटचं न्यायालय म्हणजे अर्डिथ आत्या. ती माझ्या बाबांची आत्या, पण सगळं घरच तिला आत्या म्हणतं आणि मीही. पुलाच्या तोंडाशी जो पेट्रोल पंप आहे, त्याच्या गल्ल्यावर तिचं अर्धं आयुष्य गेलं. तोंड फार न उघडता बोलते, आतली ऊब बाहेर जाईल अशी काळजी असल्यासारखी. "हो" म्हणायचं झालं तर श्वास आत ओढून "हां" करते. आमच्याकडची सगळी जुनी माणसं करतात, पण तिचा "हां" ऐकून पलीकडचे प्रवासी विचारायचे, बाई, बरं वाटत नाही का.

"तुम्ही पेट्रोल लिटरने का विकता हो? मला काही कळत नाही," असं पलीकडचा एक जण म्हणाला होता.

"गाडीला कळतं," आत्या म्हणाली.

"तरी पण, गॅलनमध्ये सांगा ना."

"तुझा गॅलन की आमचा जुना गॅलन?"

"दोन असतात?"

"तीन. तिसरा माझ्या नवऱ्याकडे आहे, पण त्यात तो पेट्रोल घालत नाही."

दोन्ही काठांवरून तिला फोन यायचे. पलीकडच्या बायका केकची कृती वाचून दाखवायच्या आणि ती वजनं सांगायची. कुणाच्या बाळाला ताप आला आणि घरात चुकीच्या काठाचं थर्मामीटर असलं, की आधी आत्याला फोन आणि मग डॉक्टरला. तिची सख्खी बहीण लोइस लग्न करून कॅलसला गेलेली. तिला पाच मुलं, त्या मुलांना आणखी मुलं, त्यामुळे तिच्याकडून तर दिवसाआड. "अर्डी, एकशे ऐंशीला भाजायचं लिहिलंय, आमचं किती?" लोइस बोलते ती नेहमी पंखा चालू असलेल्या खोलीत बोलावं तशी. आत्या कानापासून हातभर लांब फोन धरून उत्तर द्यायची. कधी चुकली नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते यामुळेच झालं म्हणून सांगते.

आत्याला मूल नाही. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, एल्डनच्या, घरी कुत्रे होते. टोलर जातीचे, लालसर, मध्यम उंचीचे, शेपटीला झुपका. शिकारी झुडपात लपून काठी फेकतो, कुत्रा पाण्याच्या कडेला नाचत बागडत ती आणतो, आणि हे काय चाललंय म्हणून बदकं स्वतःच जवळ येतात. एल्डनच्या सगळ्या कुत्र्यांमध्ये फंडी सर्वांत भारी. पुढचा डावा पंजा पांढरा, मोजा घालायला घेतला आणि एकावरच थांबला असा. एल्डन त्याच्याशी बोलायचा तेवढं आत्याशीही बोलायचा नाही, आणि आत्याला त्याची असूया होती हे ती सरळ सांगायची. "सवत आहे ती माझी. दाढीवाली."

एल्डन हृदयविकाराने गेला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात फंडी गेला. मालकाच्या बुटांवर डोकं ठेवून वगैरे काही नाही. पोटात गाठ झाली, सुई दिली, गेला. पण एल्डनने एक गोष्ट करून ठेवली होती. कॅलसच्या डॉक्टर हॅस्केलकडे, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे, त्याने फंडीचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. बारीक बारीक कांड्या, नायट्रोजनच्या टाकीत. काही आधी वापरल्या गेल्या होत्या. आता एका वेळेला पुरतील एवढ्याच उरल्या होत्या, आणि हॅस्केल म्हातारा झाल्यामुळे पानगळीच्या आत दवाखाना बंद करणार होता.

आत्याकडे टॅन्सी होती, यारमथहून आणलेली चांगल्या घरची कुत्री. तिचंही वय होत आलेलं. म्हणजे या वसंतात एकदाच, नाहीतर कधीच नाही.

"किती पिल्लं हवीत तुला?" मी विचारलं होतं.

"एक. नर. पांढऱ्या पंजाचा असला तर ठीक, नसला तर मी पंजा रंगवीन." मग थोड्या वेळाने, भांडी पुसता पुसता: "मला एक शेवटचा कुत्रा लागणार आहे. तो त्याचा असावा, एवढंच."

गोठवलेलं वीर्य वितळलं की दिवसभरसुद्धा धड टिकत नाही. त्यामुळे कुत्रीची अंडी नेमकी कधी तयार आहेत ते कळावं लागतं. नुसतं माजावर आली, शेपटी वळवली, यावर जाऊन चालत नाही. त्यासाठी दिवसाआड रक्त काढून प्रोजेस्टेरॉन बघायचं. मादीच्या शरीरातलं हे द्रव्य माजात चढत जातं, आणि ते किती चढलं यावरून अंडी सुटली की नाही, पिकली की नाही ते कळतं. हॅस्केलने हे आत्याला पूर्वीच शिकवलं होतं, त्याच्या पद्धतीने, म्हणजे एकेक शब्द विकत आणल्यासारखा: "पाच. सुटली. अठरा, वीस. पिकली. तेव्हा ये." बस. याच्यावर आत्याने फंडीची दोन वेतं पार पाडली होती. तिला तो नियम पाठ होता आणि तो कुणी सांगितलेला तिला आवडायचा नाही.

या वेळी फरक एवढाच की हॅस्केलचं रक्त तपासायचं यंत्र बंद पडलं होतं. दुकान आवरायला घेतलेला माणूस नवीन यंत्र कशाला घेईल? शिवाय पुलावर कुत्रं न्यायचं तर नव्याने कागदपत्रं लागायला लागली होती. तेव्हा ठरलं असं, की रक्त आपल्या गावातल्या दवाखान्यात तपासायचं आणि शेवटी एकदाच टॅन्सीला पलीकडे घेऊन जायचं.

आपल्या गावातल्या दवाखान्यात ब्रियाना नावाची मुलगी काम करते. ती फ्रेडरिक्टनची, सीमेपासून लांबच्या शहरातली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा आवाज जिना चढतो, त्यामुळे ती सांगते तेही विचारल्यासारखंच वाटतं. पहिल्या तपासणीनंतर तिचा फोन आला तेव्हा आत्याने माझ्यासाठी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"हाय, टॅन्सीचा आकडा आलाय? तीन आहे?"

"तू सांगतेयस की विचारतेयस?"

"सांगतेय?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी उशीत तोंड घातलं.

"रिपोर्ट ईमेल करू का?" ब्रियानाने विचारलं. हा खरोखरच प्रश्न होता, पण आधीच्यांपेक्षा वेगळा वाटला नाही.

"मला ईमेल नको बाळ. तू आकडा सांग. आकडे मला कळतात."

तीन म्हणजे चढायला लागलं. दुसऱ्या वेळी सात. आत्याने श्वास आत ओढला: "हां." तिच्या हिशेबाने अंडी सुटली होती. त्या दिवशी तिने तळघरातून पेटी वर आणली. एल्डनने बांधलेली, बाळंतपणाची; आतून कडेने फळी मारलेली, आई अंग टाकताना पिल्लू भिंतीशी चिरडू नये म्हणून. तिने ती गरम पाण्याने पुसली, शेगडीजवळ ठेवली आणि आत जुने टॉवेल अंथरले.

"अजून दोन महिने आहेत आत्या," मी म्हटलं.

"मग? टॉवेलना काय घाई आहे?"

तिसऱ्या वेळी ब्रियाना म्हणाली, "अठरा?"

आत्याने "थँक्यू" म्हणून फोन ठेवला आणि लगेच हॅस्केलला लावला. तो फोन मी शब्दन् शब्द सांगू शकते, कारण नंतर तो इतक्या वेळा दोन्ही काठांवर सांगितला गेला की आता तो गावाचाच झालाय.

"टॅन्सी अठरा," आत्या म्हणाली.

"अठरा," हॅस्केल म्हणाला. तो असाच बोलतो. "मग आज. तीनला ये."

"तुमचे तीन की आमचे?"

"आमचे."

"हां."

तिने वेळ विचारली. त्याने सांगितली. अठराचं कुणीच विचारलं नाही.

पुलावर आमची गाडी थांबवली ती आत्याला ओळखणाऱ्याच माणसाने. जाड मानेचा, हसू आलं तरी वर्दीला विचारून हसणारा. त्याने कागद बघितले, मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली टॅन्सी बघितली.

"कुठे निघालात आत्याबाई?"

"हिच्या नवऱ्याकडे."

"तो पलीकडे असतो?"

"हां."

"किती दिवसांसाठी चाललीय?"

"पंधरा मिनिटांसाठी. मेलेला आहे तो. गोठवून ठेवलाय."

त्याने कागद परत दिले. "माझी बायकोसुद्धा म्हणते मला गोठवून ठेवावं म्हणून."

"तिला सांग, टाकीत जागा होतेय."

इतक्या वर्षांत आत्याला एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं. ती गाडी चालवताना शीळ घालत होती, एल्डनची फंडीला बोलवायची शीळ. मधेच एक सूर चुकवून, कारण एल्डन तो चुकवायचा.

हॅस्केलने कांड्या कोमट पाण्यात धरल्या. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि आत्याला बघायला दिलं. "पळतायत," तो म्हणाला. त्याच्यासाठी हे भाषण होतं. आत्या बराच वेळ वाकून बघत राहिली. "बापासारखेच," ती म्हणाली. "कुठे जायचं माहीत नाही, पण घाई केवढी." मग लांब नळीने काम झालं, टॅन्सीचं मागचं अंग आम्ही थोडा वेळ वर धरून ठेवलं, आणि रिकाम्या कांड्या हॅस्केलने टोपलीत टाकल्या. टाकीत फंडीचं आता काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आत्याच्या ओव्हनमध्ये बीन्स होते, मी काकवीचा पाव कापत होते. फोन वाजला.

"हाय, टॅन्सीला पुढचं रक्त काढायला कधी आणताय?" ब्रियाना. "कारण अठरा म्हणजे अंडी नुकतीच सुटली? आणि तुमचं गोठवलेलं आहे ना, मग अजून दोनेक दिवस थांबायचं? पन्नास-साठ झाले की? डॉक्टरबाईंनी आठवण करायला सांगितलं?"

आत्याच्या हातात ओव्हनचा हातमोजा चढवलेला होता.

"पन्नास-साठ," ती म्हणाली.

"हो?"

"आपले."

"सॉरी, काय आपले?"

फ्रेडरिक्टनला हा प्रश्न नसतो. तिथे एकच काठ असतो.

"तुम्ही ते कशात मोजता?" आत्याने विचारलं. ब्रियानाने एक लांबलचक नाव सांगितलं. आत्याने विचारलं, आणि अमेरिकेत? ब्रियानाने थोडं शोधून दुसरं नाव सांगितलं आणि म्हणाली, "आपल्याला तिनाने भागलं की साधारण त्यांचं येतं? म्हणजे अठराचे त्यांच्याकडे सहा?"

आत्याने फोन ठेवला. मोजा काढला. एकेक बोट सरळ करत काढला.

"तिनाने," ती मला म्हणाली. "एवढंच. तिनाने भागायचं होतं."

"आत्या, पण कदाचित…"

"पाव काप."

सगळे आकडे बरोबर होते, हेच यातलं खास. तीन, सात, अठरा. हॅस्केलच्या मोजमापातही कुत्री अशीच चढते आणि आपल्या मोजमापातही. फक्त आपल्याकडे ती तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायऱ्यांवर असते आणि त्यांच्याकडे गच्चीवर. एक आकडा जरी वेडावाकडा आला असता तर आत्याला शंका आली असती.

तिने हॅस्केलला फोन लावला. या वेळी तिने तो मोठ्या आवाजावर ठेवला नव्हता, पण घर लहान आहे आणि हॅस्केलला कमी ऐकू येतं.

"ते आमचे अठरा होते," आत्या म्हणाली. "तुमचे सहा."

हॅस्केल म्हणाला, "तू अठरा म्हणालीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं. तू होतीस म्हणून नाही विचारलं, अर्डिथ."

"दोन दिवस टिकेल का?"

"वितळलेलं आहे ते."

"टिकेल का, हे विचारलं मी."

"नाही."

त्या दुपारी ब्रियानाने परत फोन केला. तिचा हेतू चांगला होता. तिने विचारलं, सेंट जॉर्जला एकाकडे चांगला टोलर आहे, टॅन्सी अजून दोन-तीन दिवस तयार असेल, ताज्या कुत्र्याकडे नेता येईल?

"ताज्या," आत्या म्हणाली.

"म्हणजे, जिवंत?"

"कळलं मला बाळ, ताजा म्हणजे काय ते."

संध्याकाळी लोइस आली. तिला बातमी पुलावरच्या त्या जाड मानेच्या माणसाकडून कळली होती, त्याला हॅस्केलच्या बायकोकडून. लोइस कोट न काढता स्वयंपाकघरात बसली, म्हणजे ती भांडायला आली होती. बीन्स वाढून घेतले, म्हणजे लवकर जाणार नव्हती. सेंट जॉर्जच्या कुत्र्याचं तिला मी सांगितलं.

"ने की मग त्या सेंट जॉर्जवाल्याकडे. कुत्रा तो कुत्रा."

"तुझ्यासाठी."

"पिल्लाला काय कळतं बाप कोण ते? माझ्या मधल्यालासुद्धा नीट कळत नाही."

"लोइस."

"गंमत केली. अर्डी, ऐक माझं. पिल्लू हवंय ना तुला? मिळतंय. दुसरं तर दुसरं. सगळ्या गावाचे आकडे तू बदलून देतेस, एक कुत्रा बदलून घेता येत नाही?"

आत्याने तिच्यासमोर लोण्याची वाटी सरकवली, जरा जोरात.

"मला पिल्लू नकोय. मला पिल्लू हवं असतं तर केव्हाच घेतलं असतं. दोन्ही काठांवर पिल्लांचा सुकाळ आहे."

"मग काय हवंय?"

"जाऊ दे."

"नाही, सांग. एवढ्या सुया त्या बिचारीला टोचल्यास. माणसाचं कुणी इतकं करत नाही."

मला वाटतं लोइसने ते सहज म्हटलं. ती सगळंच सहज म्हणते. पण आत्या बसली, समोरासमोर.

"माणसाचं नाहीच करत," ती म्हणाली. तिचा आवाज तसाच, ओठ न हलणारा. "माझं रक्त कुणी काढलं नाही, लोइस. एकदासुद्धा. तुझं चौथं झालं त्या वर्षी मी गेले होते डॉक्टरकडे. तो म्हणाला, घरी जा, पाय वर करून बस आणि चॉकलेट कमी खा. चॉकलेटचा कारखाना असलेल्या या गावात सांगितलं त्याने मला. एल्डन बाहेर गाडीत बसला होता. मी येऊन त्याला सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणतो. एल्डन म्हणाला, हां."

लोइसने चमचा खाली ठेवला.

"मला नव्हतं माहीत."

"तू विचारलं नाहीस. तुझ्या हातात पोरं होती."

लोइस गेली तेव्हा तिने पुलापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की मागच्या माणसाने हॉर्न दिला.

सेंट जॉर्जच्या कुत्र्याकडे आत्या गेली नाही. ते दोन-तीन दिवस टॅन्सी दाराशी उभी राहून रडत होती आणि आत्या दारापुढे खुर्ची टाकून विणत बसली होती. मी म्हटलं, आत्या, अजून वेळ आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे किती वेळ आहे. आता तर मला दोन्हीकडचं माहीत आहे."

मग महिनाभर वाट बघायची होती. कुत्रीच्या बाबतीत रक्त पुढे काही सांगत नाही. गाभण असो नाहीतर नसो, प्रोजेस्टेरॉन दोन्हीकडे सारखंच चढून राहतं. शरीर गृहीत धरूनच चालतं. टॅन्सीचं पोट भरल्यासारखं दिसायला लागलं. आत्या तिच्याकडे बघायची नाही, पण तिच्या ताटलीत अंडं घालायला लागली होती. ब्रियानाच्या दवाखान्यात सोनोग्राफीला नेलं तेव्हा आत्याने पंपावर असताना घालायची ते स्वच्छ निळं जाकीट घातलं होतं.

डॉक्टरबाई बराच वेळ यंत्र फिरवत होत्या. आत्या पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "सॉरी."

"मला दिसतंय," आत्या म्हणाली. "रिकामं आहे ते."

ब्रियाना कोपऱ्यात उभी होती. तिने पहिल्यांदाच शेवटी आवाज न चढवता वाक्य उच्चारलं. "मी रिपोर्ट पाठवायला हवा होता."

"मी नको म्हटलं होतं. मला आकडे कळतात म्हटलं होतं." आत्याने टॅन्सीचा पट्टा घेतला. "तुझी चूक नाही बाळ. पण तू फ्रेडरिक्टनची आहेस, ही जरा चूक आहे."

टॅन्सीला मात्र हे कुणी समजावलं नाही. पुढच्या महिन्यात ती पेटीत जाऊन टॉवेल उकरायला लागली. तिला दूध आलं. तिने एल्डनचा एक लोकरीचा हातमोजा कुठूनतरी शोधून काढला, तो पोटाशी घेऊन पडायची, चाटायची आणि कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. मी मोजा काढून घ्यायला गेले तर आत्या म्हणाली, "राहू दे. तिचं बरोबर आहे. तिच्या रक्तात लिहिलंय तसंच वागतेय ती." असं काही बोलली की ती लगेच उठून काहीतरी पुसायला लागते. तिने शेगडी पुसली, ती आधीच पुसलेली होती.

गावात हसं झालं, अर्थातच. कॉफीच्या दुकानात पुरुष एकमेकांना विचारायचे, "किती साखर? अठरा?" ते एक वेळ आत्याने सहन केलं असतं; तिने त्यांच्या बापांना यापेक्षा वाईट बोलून पंपावरून हाकललं होतं. पण लोकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती चांगुलपणाने केली. त्यांनी फोन करणं बंद केलं. बिचारीला आता आकडे नकोत, असं म्हणून. बायका केकची वजनं मोबाइलवर बघायला लागल्या. बाळांचा ताप मोबाइल सांगायला लागला. मी शाळेतून येताना बघायची तर आत्या खिडकीशी बसलेली, आणि फोन तिच्या शेजारी, पोटाशी घेतल्यासारखा.

तेव्हापासून ती तो प्रश्न सगळ्यांना विचारते. पाद्री म्हणाला, तुमच्यासाठी सगळे प्रार्थना करतायत. "आपले की त्यांचे?" बाबा म्हणाले, आत्या, तुझं वय सत्तरच्या वर गेलं, एकटी राहू नकोस. "आपले की त्यांचे?" लोक हसतात, त्यांना वाटतं म्हातारी सावरली.

उन्हाळा संपताना टॅन्सीचं दूध आटलं आणि तिने मोजा एके दिवशी सोडून दिला, सहज, बिस्किटाच्या वेळी. आत्याने तिचं ऑपरेशन करून टाकलं, म्हणजे पुन्हा हा प्रकार नको. हॅस्केलने दवाखान्याला कुलूप लावलं. आणि आत्याने पेटी ओढत आणून रस्त्याच्या कडेला ठेवली, "फुकट" अशी पाटी लावून. आमच्याकडे असं ठेवलं की कुणीही घेऊन जातं. सोफे जातात, बाथटब जातात. पेटी आठवडाभर गेली नाही. कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मधे एकदा पाटी तेवढी चोरीला गेली.

मग लोइस आली. बीन्सच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गाडीतून उतरून ती पेटीजवळ थांबली, पायाने तिला हलकेच ढोसलं, आणि फाटकातून आत यायच्या आधीच बोलायला लागली, पण या वेळी पंखा नसलेल्या खोलीतल्यासारखी.

"अर्डी, नातवाची ती कुत्री आहे ना, कुरळी. ओसरीखाली व्याली. बाप कोण, देवाला माहीत. कुणाला पत्तासुद्धा नव्हता ती गाभण आहे म्हणून."

आत्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होती.

"अकरा झाली," लोइस म्हणाली.

"आपली की त्यांची?"

"काय आपली-त्यांची? पिल्लं, अर्डी. अकरा." मग आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि ती तिथेच फाटकाला धरून उभी राहिली. "ओसरीखाली ओल आहे. दोन कालच गेली. मी म्हटलं, ती पेटी तुला… म्हणजे तू बाहेर ठेवलीयस म्हणून. एखादं पिल्लू तुला हवं असलं तर…"

"नको."

"बरं."

"पेटी ने."

आत्याने वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं आणि उठली. आम्ही तिघींनी पेटी उचलली. माझ्या बाजूच्या फळीवर एल्डनच्या पेन्सिलीच्या खुणा अजून होत्या. लोइसच्या गाडीच्या मागच्या दारात ती आधी आडवी घालून बघितली, मग तिरकी.

"मावेल का?" लोइस म्हणाली. "माझं मागचं किती आहे कुणास ठाऊक. ही किती आहे?"

"चार फूट बाय चार."

लोइसने तोंड उघडलं, आणि मी बघितलं, प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. आत्यानेही ते बघितलं.

"विचार ना," आत्या म्हणाली. "फूट दोन्हीकडे सारखेच असतात, लोइस. तेवढं एक ठेवलंय देवाने." मग तिने पेटीला खांदा लावला आणि ती आत ढकलली. आतले टॉवेल तिने काढून घेतले नव्हते.